जुनी पाकपुस्तकं फक्त पाककृतींसाठी जपायची?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की पाककृती यूट्यूबवर मिळतात, मग जुनी पुस्तकं कपाटात कशाला. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पाकपुस्तकाबद्दल वर बरंच आलंय आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर माझाही पूर्ण विश्वास आहे. पण माझ्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं पुस्तक 'रसचंद्रिका'. ते कुणा एका लेखिकेचं नाही, मुंबईच्या सारस्वत महिला समाजाचं आहे. इंग्रजी आवृत्तीत तर सणवार आणि घरगुती औषधंही आहेत, म्हणजे एका समाजाचं अख्खं घरच.

रद्दीवाल्याकडे असं काही दिसलं तर समासातल्या पेन्सिलच्या खुणा बघून घ्या. माझ्या प्रतीत आधीच्या मालकिणीने पत्रोड्यांच्या (अळूच्या पानांच्या वड्या) कृतीशेजारी चिंच वाढवल्याचं लिहिलंय. मी तसेच करते, फार सुरेख होतात.