मदत हवी आहे : उरलेल्या गोठवलेल्या भ्रूणांचं काय करावं?

आयव्हीएफने आम्हाला जुळी मुलं झाली. तीन भ्रूण अजून गोठवलेले आहेत आणि साठवण वाढवायची की नाही, हे क्लिनिकला कळवायचंय. नवरा कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. मला पुन्हा गरोदरपण नको, असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे ‘तुम्हीच पोटात वाढवा’ हा सल्ला कृपया नको.

फादरांनी व्हॅटिकनचा २००८चा ‘डिग्निटास पर्सोनाय’ हा दस्तऐवज वाचायला सांगितला. त्यात भ्रूण संशोधनाला देणं साफ नाकारलंय. दुसऱ्या जोडप्याला देण्यामागचा हेतू चांगला मानलाय, पण तोही मार्ग अडचणीचाच ठरवलाय. म्हणजे चूक कळली, वाट नाही. (मोजकीच बीजं फलित करता येतात, हे आधी विचारायला हवं होतं.) आमच्या पाळकांनी बायबलमधलं स्तोत्र १३९ (आईच्या उदरात देवानेच घडवलं, असं सांगणारं) वाचून प्रार्थना केली, थेट उत्तर मात्र दिलं नाही.

गर्भपात आम्हा दोघांनाही मान्य नाही, म्हणून तर हे टोचतं. अशा प्रसंगातून गेलेल्यांना किंवा ईशज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकलेल्यांना विचारते: साठवण थांबवणं हे गर्भपातासारखंच, की मरणासन्न माणसाचं यंत्र काढण्यासारखं? आणि भ्रूण दुसऱ्यांना दिले असतील, तर घरातल्या मुलांना काय सांगितलंत?