मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाची झोप रोज पुढे सरकते आहे

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय तिशीच्या आत. ओलान्झापिन चालू आहे, गोळी आई स्वतः देते. आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलंय, संशयही पुष्कळ कमी झालाय. त्यामुळे डॉक्टर समाधानी आहेत. झोपेचं विचारलं की "झोपतोय ना, मग चांगलंच आहे" एवढंच उत्तर मिळतं.

झोपतो तो, चांगला दहा-अकरा तास. पण कधी, याचा नेम नाही. आई कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनांत मी त्याच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहायला लागले, तेव्हा दिसलं की यात एक क्रम आहे. झोप दर दिवशी थोडी उशिरा सरकते. मध्यरात्रीची पहाटेवर जाते, मग सकाळवर, दुपारवर, आणि फिरून पुन्हा रात्रीवर येते. ती रात्रीवर असते तेव्हा तो आमच्यात असतो. पंगतीला बसतो, बाबांबरोबर भाजी आणायला जातो. दिवसावर गेली की घरात असून भेट नाही. मध्यरात्री उठून झाकून ठेवलेलं ताट एकटाच जेवतो.

बाबा म्हणतात, "नोकरी नाही, उठायला कारण नाही, म्हणून लोळतो." याच मुद्द्यावर एक अभ्यास वाचला. ऑक्सफर्डच्या कॅथरिना वुल्फ, रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया असलेल्या २० जणांच्या मनगटावर हालचाल टिपणारं यंत्र बांधून सहा आठवडे नोंदी घेतल्या, आणि तुलनेसाठी मुद्दाम बेरोजगार पण निरोगी माणसं निवडली. औषधांनी तब्येत स्थिर असूनही त्या सगळ्या २० जणांच्या झोपेची घडी विस्कटलेली निघाली. निम्म्या लोकांचं तर शरीराचं घड्याळच दिवस-रात्रीशी जुळत नव्हतं, मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरक, तेसुद्धा भलत्या वेळी पाझरत होतं. काहींचं चक्र २४ तासांचं नव्हतंच. नोकरी नसण्याने याचा उलगडा होत नाही, असा निष्कर्ष आहे. वाचून मला रडू आलं. माझा भाऊ आळशी नाही.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. बहुतेक माणसांचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं, आणि सकाळचा उजेड डोळ्यांवाटे ते रोज ताळ्यावर आणतो. समोरच्या इमारतीतून कुणीतरी पाहतंय असं वाटायचं, तेव्हापासून भावाने खिडकीला जाड पडदा लावलाय. भीती गेली, पडदा राहिला. त्याच्या खोलीत सकाळ होतच नाही.

तर मला विचारायचंय:

ज्यांच्या घरी असं आहे, त्यांनी डॉक्टरांशी हा विषय कसा काढला? झोप पहाटेवर गेलेली असताना रात्री नऊची गोळी नऊलाच द्यायची की वेळ बदलावी लागते? डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलाटोनिन किंवा सकाळच्या उजेडाचा कुणाला उपयोग झालाय का? आणि तो पडदा, त्याला न दुखावता कसा काढायचा?

कृपया गोळ्या बंद करा, अमुक महाराजांकडे न्या, असे सल्ले नकोत. ते सगळं नातेवाइकांकडून ऐकून झालंय.

प्रतिसाद १:
ताई, माझ्या मुलीला हाच आजार आहे. आम्ही झोपायच्या वेळेचा नाद सोडला आणि उठायची वेळ धरली. "लवकर झोप" म्हटलं की तिला ताण यायचा. आता ठरल्या वेळी तिचा चहा गच्चीत असतो, खोलीत नेत नाही. हळूहळू फरक पडला. पण तुमच्या भावाची झोप भरदिवसावर असेल तेव्हा त्याला मधेच उठवू नका, झोपमोड वाईट. ती रात्रीवर येईल तेव्हा धरायचा प्रयत्न करा.
गोळीची वेळ स्वतः बदलू नका. ते कालनिर्णयचं पान तसंच डॉक्टरांपुढे ठेवा. आमच्या डॉक्टरांनीही तोंडी सांगितलेलं कधी मनावर घेतलं नव्हतं, लिहिलेलं पाहिल्यावर घेतलं.
आणि एक कायम लक्षात ठेवा. झोप सरकणं वेगळं आणि एकदम उडणं वेगळं. सलग काही रात्री तो झोपलाच नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करा. आजार उलटायची ती खूण असू शकते.

प्रतिसाद २:
घोरतो का? ओलान्झापिनने वजन वाढतं, त्यातून झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. दहा-अकरा तास झोपूनही मरगळलेला असेल तर तेही तपासून घ्या. अडीअडचणीला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीतही बोलतात.

धागालेखिका:
दोघांचेही मनापासून आभार. घोरतो, आणि वजनही बरंच वाढलंय. या दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्याच नव्हत्या, पुढच्या भेटीत विचारते. गच्चीतल्या चहाचं आईला सांगितलं. ती म्हणाली, पडद्याचं आपण नको बोलायला, उद्या मी त्यालाच विचारते, तुळशीला पाणी घालशील का म्हणून. या आठवड्यात त्याची झोप रात्रीवरच आहे. गोळीच्या वेळेबद्दल अजून कुणाचा अनुभव असेल तर लिहा.