खादाड कोण, खवय्या कोण? आणि 'अंगी लागणे' म्हणजे नक्की काय?

हळदीचं पान (फोंडा)

यंदाच्या चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी पंगतीत बसले होते. उजव्या हाताला आतेभाऊ. माणूस म्हणजे उभी काडी, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. त्याने पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेल्या) खाल्ल्या नऊ. मी मोजत होते, कारण दुसऱ्यांनी माझं मोजून मोजून मलाही ती सवय लागली आहे. हळदीचं पान अलगद सोलायचं, वाफ नाकात घ्यायची, आतलं चून, म्हणजे गूळखोबऱ्याचं सारण, सांडू नये म्हणून खाली तळहात धरायचा, सगळं कसं सावकाश. काकी दर फेरीला ताट घेऊन त्याच्यापुढे थांबे, "घे रे पुता, आनीक एक घे." पलीकडून काका म्हणाले, "खरा खवय्या हो!"

मी चौथ्या पातोळीला हात घातला आणि तीच काकी हसत म्हणाली, "पुरो गो बाय." म्हणजे पुरे आता. मागून कुणीतरी 'खादाड' असा शब्द सोडला. लाडानेच, पण सोडला.

राग यायच्या आधी मला शब्दाचंच कुतूहल वाटलं. नऊ खाणारा खवय्या आणि चार खाणारी खादाड! गवय्या तसा खवय्या, म्हणजे खाणं ही त्याची कला झाली. खादाडाला कलेचा मान नाही, त्याला नुसतं तोंड आणि पोट. आपण हे शब्द ताटाकडे बघून वापरतच नाही, अंगाकडे बघून वापरतो.

या धाग्यासाठी दोन प्रश्न आहेत. बारीक माणूस भरपूर खात असेल तर त्याला नावं ठेवणारा शब्द मराठीत आहे का? आणि जाड माणूस कमी खात असेल तर त्याचं कौतुक करणारा? मला दुसऱ्यासाठी एवढंच आठवतंय, "चोरून खात असेल."

तेरेखोल

ताई, चोरून खाण्याचं वाचून चहा सांडला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खायला काळ नि भुईला भार' असं द्यायला गेलो, पण त्यातही भार आलाच. बारीक माणसाला फार तर "एवढं खातो, जातं कुठे?" म्हणतात. तो प्रश्न आहे, शिवी नाही, आणि त्यात थोडा हेवासुद्धा आहे. बारीकपणाला मात्र शब्दांचा तोटा नाही: हडकुळा, किडकिडीत, पाप्याचं पितर, काडीपैलवान. पण यातला एकही शब्द त्याच्या ताटाबद्दल बोलत नाही. जाड्याची गंमत अशी की त्याचं अंग दिसलं की आपण ताटावर जातो.

आता बकासुराबद्दल. जास्त खाणाऱ्याला आपण बकासुर म्हणतो. पण कथा आठवा. एकचक्रा नगरीतून बकासुरासाठी गाडाभर भात निघतो आणि तो सगळा बसून खातो कोण? भीम. तेही बकासुराच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी बकासुराला शीतभरही मिळालं नाही, उलट जीव गेला. तरी शिवी त्याच्या नावाची, आणि भीम मात्र 'वृकोदर', म्हणजे लांडग्याच्या पोटाचा. ते कसं बिरुदासारखं वाटतं! तुमच्या काकी व्यासांपासूनची परंपरा चालवतायत.

दादरचा पाहुणा

मी मूळचा गोव्याचा नाही, सासुरवाडी म्हापशाची. एक शंका आहे. 'अंगी लागणे' हे तुमच्याकडे वाईट अर्थाने वापरतात का? आमच्या आजीच्या तोंडी तो आशीर्वाद होता. मूल खाऊनही वाढलं नाही की ती म्हणायची, "याच्या अंगी काही लागतच नाही." सासूबाई मात्र माझ्या पोटाकडे बघून "आंगाक लागलां" म्हणतात तेव्हा तो आशीर्वाद वाटत नाही.

हळदीचं पान (फोंडा)

शब्द तोच आहे, दिवस बदलले. दहा-अकराच्या पेजेवर, एखादा खारवलेला तोर (कैरी) आणि चिमूटभर किस्मूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) यावर दुपारपर्यंत शेतात राबायचं, त्या काळात अंगी लागणं ही मिळकत होती. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा ही म्हण ज्यांनी केली त्यांना जाडीची भीती कशाला? म्हणूनच मराठीत अंग भरण्याचे शब्द बहुतेक गोड आहेत. बाळसं धरलं, गुटगुटीत झाला, अंगाने भरला, खात्यापित्या घरचा दिसतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे "तब्येत सुधारली"! वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली, असं आपली भाषा अजून म्हणते. बोटीवरून सुट्टीला आलेल्या तारवट्याला (खलाशाला) आई दारातच सांगते, "बारीक जालो रे." तो बहुधा चार किलोंनी वाढलेला असतो.

तुमच्या सासूबाईंनी शब्द बदलला नाही हो, तुमचं पोट बघून फक्त सूर बदलला.

तेरेखोल

आणि अंगी लागणं हाताबाहेर गेलं की ते अंगाशी येतं. एका विभक्तीचा फरक!

वैद्यबाब

थोडी जुनी भर घालतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिन्दितीय. शरीरावरून निंदा होणारे आठ प्रकारचे लोक त्यात सांगितलेत: अति उंच, अति बुटका, अति केसाळ, केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. म्हणजे लोक नावं ठेवतात हे तेव्हाही ग्रंथात नोंदवण्याजोगं होतं. पुढची चर्चा मात्र शेवटच्या दोघांचीच आहे, आणि कौल 'स्थूलापेक्षा कृश बरा' असा.

या धाग्याच्या कामाचा भाग असा की तिथे स्थूल माणसाची भूक मोठी असते हे त्याचा हावरटपणा म्हणून सांगितलेलं नाही. मेदाने वाटा अडतात, वायू कोठ्यातच फिरत राहतो, तो अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेलं चटकन जिरतं आणि पुन्हा भूक लागते. अति भूक आणि अति तहान ही स्थूलाच्या आठ दोषांत मोजली आहेत. म्हणजे खातो म्हणून जाड, एवढ्यावर चरक थांबत नाही, जाड आहे म्हणून भूक, असंही म्हणतो. आपण बोलताना पहिलं अर्धं तेवढं ठेवलं. अग्नी फारच भडकला की तो भस्मक, आपल्या बोलण्यातला 'भस्म्या रोग'.

(कृपा करून यावर "आयुर्वेदात सगळं आधीच होतं" असे प्रतिसाद नकोत. मी फक्त शब्दापुरतं बोलतोय.)

तांबडी भाजी

मी शरीरशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. पण आधी व्याकरणातलं एक बघा. मराठीत भूक लागते. तहान लागते, झोप लागते, तशीच. 'मला' भूक लागते, मी काही करत नाही, ती येऊन मला चिकटते. खाखा मात्र सुटते. तोंडाला पाणी सुटतं, वारा सुटतो, आणि पोटही सुटतं. बांधलेलं काहीतरी मोकळं झालं, असा त्या क्रियापदाचा रोख आहे. लागलेली भूक आणि सुटलेली खाखा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या क्रियापदांना चांगलं कळतं. आपल्यालाच कळत नाही, चारच्या चहाबरोबर समोर बिस्किटं दिसली की आपण "भूक लागली" म्हणतो.

घड्याळाचा एक मजेदार प्रयोग १९६८ साली अमेरिकेत शॅक्टर आणि ग्रॉस यांनी केला. खोलीतलं घड्याळ मुद्दाम पुढे नेलं. घड्याळात जेवणाची वेळ झालेली दिसताच जाड मंडळींनी जास्त बिस्किटं खाल्ली. बारीक मंडळींवर तो परिणाम दिसला नाही. त्यावरून असं मांडलं गेलं की बारीक माणूस पोटाचं ऐकतो, जाड माणूस डोळ्यांचं. आपली 'डोळ्यांची भूक' हीच! पुढे मात्र हा नियम इतका सरळ राहिला नाही. डोळ्यांचं ऐकणारे बारीक लोकही भरपूर निघाले आणि पोटाचं ऐकणारे जाडही.

आता 'लेप्टिन'. हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं. चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं, कोठार भरलंय, पुरे. नाव ग्रीक 'लेप्टॉस'वरून आलं, अर्थ बारीक. गंमत अशी की हा 'बारीक' बहुतेक जाड माणसांच्या रक्तात जास्त असतो, कारण चरबी जास्त. मेंदू त्याचं ऐकेनासा झालेला असतो. उलट भूक चेतवणारं 'घ्रेलिन' (१९९९) जाड माणसांत बहुधा कमीच असतं, पण त्यांनी खाणं कमी करून वजन उतरवलं की वाढतं. म्हणून "डाएट करतेय आणि सारखी भूक लागतेय" म्हणणारीला वखवखलेली म्हणू नये. ती भूक खरोखर लागलेली असते, सुटलेली नसते.

दादरचा पाहुणा

मग "मला पाणी प्यायलं तरी चढतं" हे खरं की काय?

तांबडी भाजी

नाही हो पाहुणे. असं म्हणणाऱ्या काही जाड लोकांना १९९२ मध्ये अमेरिकेत नीट तपासलं. त्यांचा चयापचय ठीक होता. आपण किती खातो हे ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते. मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही. येता-जाता तोंडात टाकलेलं कुणी ताटात धरत नाही. आपल्याकडे त्याला 'चरणे' असा नेमका शब्द आहे, पण तो स्वतःसाठी कुणी वापरतं का? मी जेवते, दुसरी चरते. बारीक माणसांचा हिशोबही चुकतो, फक्त त्यांचा कुणी तपासत नाही.

'अंगी लागणे' मात्र अगदी खरं आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लेव्हिन यांनी १६ धडधाकट माणसांना ८ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या. सगळ्यांना सारखंच. एकाची चरबी पाव-अर्धा किलोच्या मधेच राहिली, दुसऱ्याची ४ किलोंच्या वर गेली. बराचसा फरक व्यायामाने नव्हे, चुळबुळीने पडला होता. बसल्या बसल्या पाय हलवणं, उठून उभं राहणं, फेऱ्या मारणं. आजीच्या भाषेत, एका जागी बूड न टेकणं.

हळदीचं पान (फोंडा)

थांबा थांबा. आतेभाऊ अगदी असाच आहे! पंगत उठली आणि आम्ही सगळे सोप्यावर आडवे झालो. हा माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) उभा राहून सुपाऱ्यांचा घोस नीट बांधत होता, मग पानं उचलली, मग विहिरीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, भोंगू वाजलं तेव्हा मी दोन उंडे (गोल पाव) आणि पातळभाजी घेऊन बसले, त्याने नुसता चहा घेतला. म्हणाला, "कालचंच पोटात आहे." मी ते ऐकलं, पण मनात त्याच्या खात्यावर मांडलं नाही. नऊ पातोळ्या मला तारखेसकट पाठ आहेत, न खाल्लेले उंडे विसरून गेले. म्हणजे काकी ताटाकडे बघून बोलत नाही, असं मी म्हणत होते, पण मी तरी कुठे सगळी ताटं बघितली?

तेरेखोल

काकीला माफी?

हळदीचं पान (फोंडा)

अजिबात नाही. 'पुरो गो' मला तरी कुणी म्हणायचं नाही, चवथीला तर मुळीच नाही.

वैद्यबाब

एक विषयांतर. बारीक दिसणारा आतून बारीक असतोच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघेही सडपातळ, उंचीच्या हिशोबातला वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक माणसालाही मधुमेह का होतो, त्याचा एक धागा इथे आहे. अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं? वैद्यकाच्या लेखांत 'कृश-स्थूल' वगैरे चालेल, पण बोलायला नको वाटतं.

तेरेखोल

'आतल्या गाठीचा' आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. 'आतल्या अंगाचा' कसा वाटतो?

दादरचा पाहुणा

'झाकलं माणिक'. आजीला आवडलं असतं.

तांबडी भाजी

'छुपा जाड्या' नको, पुन्हा शिवीच होते. 'आतून भरलेला' म्हणा. पातोळीसारखा: वरून पान, आत चून.

हळदीचं पान (फोंडा)

'आतून भरलेला' मला पटला. हा सगळा धागा आतेभावाला पाठवला होता. त्याला गेल्या वर्षीच साखर निघाली आहे, हे मला आजच कळतंय. तशात नऊ पातोळ्या! उत्तर आलं ते असं: "काकीला यातलं काही बोलू नको. पुढच्या चवथीला ती मलाही पुरो म्हणेल."