मदत हवी आहे: फिरून मन विटलंय, घरी यावं की एका जागी थांबावं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची. नोकरी सोडून पाठीवर सॅक घेऊन निघाले. थायलंड, लाओस करत आता व्हिएतनाममध्ये आहे. हल्ली कशातच मन रमत नाही. लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्राबांग हा मेकाँग नदीतला दोन दिवसांचा बोटप्रवास असतो, वाटेत पाकबेंगला मुक्काम. त्याचं किती वर्षं स्वप्न होतं! पण बोटीत बसून काठाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. रोज नवी खोली, नवी माणसं, तेच प्रश्न. मराठी बोलायला कुणी नाही, हे सगळ्यात जास्त सलतं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो, माझा बराच शिल्लक आहे. इथल्याच दालात या डोंगराळ शहरात महिनाभर खोली घ्यावी म्हणते. सुमारे 1500 मीटर उंची, गार हवा, आणि स्वतः आमटी-भात रांधता येईल. आई म्हणते, गणपतीला ये की, हवं तर परत जा. पण एकदा घरी आले की परत निघणं होईल का?

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातलं कुणी असं लांब फिरलंय का? एका जागी राहून हा थकवा खरंच जातो? दालातमध्ये स्वयंपाकघरासकट खोली महिन्याच्या भाड्याने कशी शोधावी, तेही सांगा.