दोन सिस्टिम, दोन ड्राइव्ह आणि मधला एक स्क्रू

खटपट्या

"दोन वेगळे ड्राइव्ह घ्या, ड्युअल बूटची कटकट संपली" हा सल्ला इतक्यांदा वाचलाय की आता चीड येते. (ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, चालू करताना एक निवडायची.) एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स, कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. ऐकायला छान आहे. माझं मत असं की नुसते दोन ड्राइव्ह असून भागत नाही. लिनक्स टाकताना विंडोजचा ड्राइव्ह मशीनमधून बाहेर काढलेला पाहिजे. स्क्रू काढा, ड्राइव्ह डबीत ठेवा, मग पेनड्राइव्ह लावा.

हे कुठून आलं ते सांगतो. माझ्या डेस्कटॉपवर दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). पहिल्यावर विंडोज, दुसरा कोरा. इन्स्टॉलरमध्ये दुसरा ड्राइव्ह निवडला. खाली "बूटलोडर कुठे टाकू?" अशी चौकट होती (बूटलोडर म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), तिथेही दुसराच निवडला. सगळं सुरळीत झालं, महिनोन्महिने दोन्ही चालले. मग विंडोज पहिल्यापासून टाकायचं ठरवलं आणि पहिला ड्राइव्ह बिनधास्त पूर्ण पुसला. लिनक्स दुसरीकडे आहे ना, मग भीती कसली? मशीन चालू केलं तर लिनक्स गायब. फाइली जागच्या जागी, पण आत शिरायला दारच नाही. इन्स्टॉलरने माझी निवड खुशाल बाजूला ठेवून बूटलोडर पहिल्या ड्राइव्हच्या ईएसपीत टाकला होता. ईएसपी म्हणजे फॅट32 मधलं ते छोटं पार्टिशन, जिथून यूईएफआय फर्मवेअर (मदरबोर्डावरचा, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) बूटच्या फाइली उचलतं. (डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या त्या प्रकाराचं, नाव विचारू नका, धागा भलतीकडे जाईल.)

विंडोजचा सेटअपही याबाबतीत सोवळा नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर ईएसपी आधीच असेल तर कधी कधी तो त्यातच आपलं सामान टाकतो. जो ड्राइव्ह समोर नाही त्याच्यावर मात्र कोणीच काही लिहू शकत नाही.

आणि दोन्ही बसवून झाल्यावर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) यादीत विंडोज आणायच्या फंदात पडू नका. ग्रब 2.06 पासून, म्हणजे 2021 पासून, दुसऱ्या सिस्टिम हुडकणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. लोक शोधून शोधून तो चालू करतात. बंदच राहू द्या. सिस्टिम बदलायची तर मशीन चालू करताना एफ12 (किंवा एफ11, एफ8, तुमच्या बोर्डाला जे लागेल ते) दाबून फर्मवेअरच्या यादीतून निवडा.

असहमत असलेल्यांनी हाणा.

बाराखडी

हाणतो. खटपट्याराव, हे म्हणजे ढेकूण मारायला खाट जाळण्यासारखं झालं.

विंडोज लिनक्सचा बूटलोडर खातं ही भीती एमबीआरच्या, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या पद्धतीच्या, जमान्यातली. तेव्हा बूट सेक्टर एकच, जो शेवटी आला तो त्यावर बसला. यूईएफआयमध्ये ईएसपीत प्रत्येकाचा आपापला फोल्डर असतो. मायक्रोसॉफ्टचा वेगळा, डिस्ट्रोचा वेगळा. एका ईएसपीत चार सिस्टिम गुण्यागोविंदाने राहाव्यात अशीच ती रचना आहे. मी एकाच ड्राइव्हवर दोन्ही चालवतो, दोन ड्राइव्हची चैनही नाही केली.

तुमचं नुकसान बूटलोडर चुकीच्या जागी गेल्याने झालं नाही, न बघता ड्राइव्ह पुसल्याने झालं. राग मानू नका.

शिवाय काही बोर्डांवर एम डॉट टूचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली आणि वर हीटसिंक. म्हणजे आधी कार्ड काढा, मग हीटसिंक, त्याचा थर्मल पॅड फाटला तर तोंड वाकडं करून नवा शोधा, आणि तो तांदळाएवढा स्क्रू केसमध्ये कुठे घरंगळला ते टॉर्च घेऊन बघत बसा. त्यापेक्षा बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये स्लॉट बंद करायची सोय असते, ती वापरा. तीही नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्समधून) जीपार्टेड हे पार्टिशनचं हत्यार उघडा, विंडोजच्या ईएसपीवरचे बूट आणि ईएसपी हे दोन फ्लॅग तात्पुरते काढा, इन्स्टॉल झालं की परत लावा. इन्स्टॉलरला ते पार्टिशन ईएसपी म्हणून दिसतच नाही. स्क्रूड्रायव्हरला हात न लावता तेच काम.

सुरळीत

बाराखडींना +१. माझ्याकडे दोन ड्राइव्ह आहेत, चार वर्षं झाली. इन्स्टॉलरमध्ये दुसरा निवडला, पुढे पुढे दाबत गेलो, विषय संपला. काही काढलं नाही, कुठले फ्लॅगही नाहीत. काहीही झालेलं नाही.

खटपट्या

@सुरळीत, एक विनंती. लिनक्समध्ये टर्मिनल उघडा आणि "एल-एस-बी-एल-के" (ड्राइव्ह आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी कमांड) मारा. "बूट/ईएफआय" कोणत्या ड्राइव्हखाली दिसतंय तेवढं इथे सांगा.

रात्रपाळी

दोघांचं भांडण ड्राइव्हवरून चाललंय, पण ड्राइव्ह दोन असले तरी मदरबोर्ड एकच असतो. बूटच्या नोंदी, बूटचा क्रम, सिक्युअर बूटच्या (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणाऱ्या तपासणीच्या) किल्ल्या, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) हे सगळं बोर्डावर, दोन्ही सिस्टिमच्या सामाईक मालकीचं. एका घरात दोन चुली मांडल्या म्हणून घराचा दरवाजा दोन होत नाही.

ऑगस्ट 2024 आठवतो का? 13 तारखेच्या विंडोज अपडेटने एसबॅटची नवी यादी लावली. एसबॅट म्हणजे कोणत्या पिढीपर्यंतचे बूटलोडर जुने आणि धोकादायक मानायचे याचा हिशोब. ग्रबमधल्या एका जुन्या भोकासाठी ते होतं, हेतू वाईट नव्हता. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं. प्रत्यक्षात अनेक मशीनवर झालं. लिनक्स निवडलं की काळ्या पडद्यावर एसबॅटची तपासणी फसल्याचा निरोप, त्यात "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" हे शब्द, आणि मशीन बंद.

ती यादी ड्राइव्हवर नव्हती, फर्मवेअरच्या मेमरीत होती. त्यामुळे ज्यांनी दोन ड्राइव्ह घेतले, इन्स्टॉल करताना एक बाहेर काढला, सगळं खटपट्यांच्या पद्धतीने केलं, तेही त्याच रांगेत. उपाय हा की सिक्युअर बूट तात्पुरता बंद करा, लिनक्समध्ये शिरा, मोकयुटिल या कमांडने ती एसबॅट पॉलिसी पुसा, मशीन एकदा परत लिनक्समध्येच चालू करा, मग सिक्युअर बूट चालू करा.

आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ग्रबमधून विंडोज उघडलं तरी मागू शकतं, कारण बूटची साखळी बदललेली टीपीएमला दिसते. म्हणून खटपट्यांचा ग्रबमध्ये विंडोज न आणण्याचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. फक्त त्याचं कारण त्यांनी सांगितलंच नाही. "मी बिटलॉकर कधी चालूच केलं नाही" या भ्रमात राहू नका. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं.

पळापळ

घड्याळ राहिलं! तेही बोर्डावर एकच. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. सिस्टिम बदलली की वेळ तासांनी पुढेमागे. मी आठवडाभर बोर्डाची बॅटरी संपली असं समजत होतो, नवीन आणूनही बसवली 😐

खटपट्या

@रात्रपाळी ताई, मान्य. बोर्ड एकच हे माझ्या लेखात यायला हवं होतं. पण दोन्ही अपघात एका पारड्यात घालू नका. एसबॅटच्या वेळी दाराला कुलूप लागलं, अर्ध्या तासात उघडलं. इन्स्टॉलरमध्ये चुकीच्या ड्राइव्हवर "पूर्ण पुसा" दाबलं गेलं तर उघडायला काही उरतच नाही. आणि ती चूक किती सोपी आहे! दोन एकसारखे ड्राइव्ह असतील तर यादीत फक्त शून्य आणि एक असा फरक, आणि तो क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची लिनक्समध्ये हमी नाही. आज जो शून्य, तो उद्या एक. मॉडेल आणि सिरियल नंबर बघून निवडा म्हणतात. रात्री दीड वाजता कोण बघतं?

@बाराखडी, फ्लॅगची युक्ती चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण ती करायलाही विंडोजच्या पार्टिशन टेबलवर लिहावं लागतं, म्हणजे ज्याला हात लावायचा नाही त्यालाच हात लावून सुरुवात.

विंडोतली खिडकी

हे सगळं वाचून दमलो. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स) टाका, नाहीतर व्हर्च्युअल मशीन. कोणतंही काम अडत नाही.

रात्रपाळी

तुमचं अडत नसेल. मला कर्नलचे ड्रायव्हर खऱ्या हार्डवेअरवर तपासावे लागतात, ते खिडकीत कसे तपासू?

एकच स्लॉट

लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं? एकच स्लॉट आहे. यूएसबीने बाहेरून एसएसडी लावून त्यावर लिनक्स टाकलं तर दोन ड्राइव्हचा फायदा मिळेल का?

रात्रपाळी

मिळेल, पण खटपट्यांचा किस्सा इथे जास्त लागू होतो. बूटलोडर आतल्या ड्राइव्हवर गेला तर ती एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून उपयोग नाही, तिथे बूटच होणार नाही. बाहेरच्या ड्राइव्हवर स्वतःचं ईएसपी करा, आणि त्यात "ईएफआय/बूट" या फोल्डरखाली सर्वसाधारण नावाची बूट फाइलही ठेवा. बोर्डात नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे हमखास डोकावतं.

बाराखडी

@एकच स्लॉट, यूएसबीचं लोढणं कशाला? आतल्याच ड्राइव्हवर जागा करा. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, लिनक्सच्या हत्याराने नको. फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. तो चालू असला की "शट डाउन" म्हणजे खरं शट डाउन नसतं, कर्नल अर्धवट झोपलेला असतो. मग लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देतं आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात. हे दोन ड्राइव्हवाल्यांनाही लागू, विंडोजच्या फाइली तिकडून उघडायच्या असतील तर.

एक गोष्ट कबूल करतो. विंडोज ईएसपी बहुतेक वेळा 100 एमबीचंच करतं, आणि काही डिस्ट्रो कर्नलही त्यातच ठेवतात. दोन कर्नल झाले की जागा संपली. तिथे वेगळा ड्राइव्ह सुखाचा.

पळापळ

दोन ड्राइव्हवाल्यांसाठी अजून एक. अख्खा ड्राइव्ह पार्टिशन टेबल न करता थेट लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट करू नका. विंडोजला तो कोरा दिसतो, डिस्क मॅनेजमेंट उघडलं की "डिस्क इनिशियलाइझ करू का?" विचारतं आणि ओकेचं बटण आधीच निळं असतं. दाबलंत की लक्सचा हेडर (किल्ल्या असलेला सुरुवातीचा भाग) गेला. हेडरची प्रत बाहेर नसेल तर डेटाही गेला.

सुरळीत

बघितलं. लिनक्सचं रूट दुसऱ्या ड्राइव्हवर आहे. "बूट/ईएफआय" पहिल्यावर, विंडोजच्याच 100 एमबीत.

तरीही म्हणतो, चार वर्षं चाललंय.

खटपट्या

चालणारच, पहिला ड्राइव्ह जिवंत आहे तोवर. बदलायचं असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर शेवटी 500 एमबीची जागा करा, फॅट32 करा, ईएसपीचा फ्लॅग लावा. ते "बूट/ईएफआय"वर माउंट करा, एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) जुन्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) काढून नव्याचा घाला, मग ग्रब परत इन्स्टॉल करा. विंडोजच्या ईएसपीतला डिस्ट्रोचा जुना फोल्डर लगेच उडवू नका, नव्या नोंदीवरून दोन-तीनदा बूट होऊ द्या.

बाराखडी

आणि हे सगळं पहिला ड्राइव्ह जागच्या जागी ठेवून होतं, बरं का.

सुरळीत

रविवारी करतो. ती 48 अंकी की कुठे मिळते?

रात्रपाळी

मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून बघा, बहुतेक वेळा तिथेच साठवलेली असते. कागदावर उतरवून ठेवा. त्याच मशीनवर फाइल करून ठेवू नका 🙏