वृद्धाश्रमात पाठीवर लाल चट्टा: भेटीला गेल्यावर काय तपासायचं? (कोल्हापूर)

प्रश्न: अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडावर चट्टा आलाय. "वयामुळं होतंय," असं आश्रमवाले म्हणतात. खरं आहे का?

प्रतिसाद १: वयामुळं नव्हे, दाबामुळं. चट्टा बोटानं दाबून सोडा. पांढरा न पडता लालच राहिला तर ती बेडसोरची (सतत दाबामुळं होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथं गरम किंवा कडक लागतंय का ते बघा. साधारण दर 2 तासांनी कूस बदलायला हवी. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागं उशी देऊन 30 अंशात. पोटरीखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू देत. कूस बदलल्याचा तक्ता मागा. आठवडाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजा.

प्रतिसाद २: लाल जागी तेल चोळू देऊ नका, आतली इजा वाढते. रबरी रिंगही नको, तिच्या कडेनं रक्तपुरवठा अडतो. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं चुकत नाही. आणि पंप चालू आहे का बघा, बऱ्याचदा प्लगच काढलेला असतो! डायपर तासन्‌तास ओला असेल तर कातडी आणखी बिघडते. लघवी गडद, ओठ कोरडे? मग पाणीही कमी पडतंय.

प्रश्नकर्ता: कातडी फाटली तर?

प्रतिसाद ३: वास, पू, ताप असेल तर त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा सर्जनकडं न्या. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख टाका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मार्गदर्शनाला एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, 14567.