जुना फिल्म कॅमेरा वापरावा की जपून ठेवावा?

धागाकर्ता

वडिलांचा यशिका मॅट १२४ जी गेली २२ वर्षे आमच्या कपाटात होता. १९७० ते १९८६ या काळात निघालेला हा दोन भिंगांचा कॅमेरा आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी लग्नकार्यांत भरपूर वापरला. मागच्या महिन्यात तो बाहेर काढला, तेव्हा १/५०० आणि १/१२५ सेकंद या वेगांवर शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, चटकन उघडून मिटले. पण १ सेकंदावर ठेवून खटका दाबताच आतल्या चाकांची घरघर मध्येच थांबली आणि शटरची पाती उघडीच राहिली. ज्या कॅमेऱ्याला आम्ही कोणाला हातही लावू दिला नाही, तो अशा रीतीने बिघडला. म्हणून माझे मत असे झाले आहे की जुना कॅमेरा जपायचा असेल, तर त्यात वर्षाकाठी दोन-चार रोल घातलेच पाहिजेत. शोकेसमध्ये ठेवलेले यंत्र हळूहळू केवळ धातूचा डबा होते.

अंधारखोली

आपल्या निरीक्षणाशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. असे शटर अडकते ते आतल्या वंगणामुळे, आणि वंगण मुख्यतः वयामुळे घट्ट होते. नियमित वापरातल्या कॅमेऱ्याचीही इतक्या वर्षांनी साफसफाई करावीच लागते. अडकलेले शटर पुन्हा पुन्हा दाबून मोकळे होईल या आशेने लोक दाबत राहतात आणि नाजूक चाकांचे दात झिजवून बसतात. सुटे भाग आता कोणी बनवत नाही, त्यामुळे एक कॅमेरा दुरुस्त करायचा तर त्याच जातीचा दुसरा मोडावा लागतो, आणि ही कामे जाणणारे कारीगरही दरवर्षी कमी होत आहेत. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमवलेल्या ४,४२५ कॅमेऱ्यांची गिनेस बुकात नोंद झाली. त्या प्रत्येकात रोल घालावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. बडोद्यात बनलेला एखादा आगफा क्लिक थ्री आज भंगारात जाण्यापासून वाचतो, तो संग्राहकामुळेच. संग्रह करणे हेही जतनच आहे, आणि ते कमी प्रतीचे मानू नये.

रत्नदुर्ग

कोकणात राहणाऱ्याच्या अनुभवाने सांगतो: आमच्याकडे कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. माझी ५० मिमीची लेन्स तिच्याच चामडी पिशवीत घालून मी एक पावसाळा निर्धास्त राहिलो. दिवाळीत टॉर्चचा उजेड मागच्या बाजूने टाकून पाहिले, तर आतल्या काचेच्या कडेपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे मध्यापर्यंत पसरले होते. ते पुसून निघाले, पण काचेवरच्या लेपात त्यांचे ठसे कायमचे उमटले. चामडे ओल धरते, हे मला फार उशिरा कळले. ज्यांना कॅमेरा न वापरता ठेवायचा आहे, त्यांनी तो पिशवीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा, निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करावेत आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. एवढी काळजी घेणारा संग्राहक मला मान्य आहे. कपाट लावून विसरून जाणारा नाही.

एम-४२

वापरायचेच असेल, तर फक्त लेन्स वापरावी, असे मी सुचवेन. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल केव्हाच इतिहासजमा झाला. परदेशी फिल्म, ती धुण्याचा खर्च आणि शेवटी स्कॅन, म्हणजे चित्र अखेर संगणकावरच येणार. त्यापेक्षा सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची लेन्स साध्या अ‍ॅडॉप्टरने मिररलेस (आत आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. फोटोतल्या माणसामागची पाने भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, ती गंमत पूर्ण मिळते आणि जुन्या शटरला कसलाही त्रास होत नाही.

धागाकर्ता

एम-४२ यांची सूचना अदलाबदलीच्या लेन्सना लागू पडते. यशिकाची लेन्स मात्र निघत नाही. शिवाय या कॅमेऱ्याची निगेटिव्ह सुमारे ५६ मिमीची चौरस असते, म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी. वडिलांनी काढलेली एक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा आजीच्या लुगड्याच्या काठाची वीण नुसत्या डोळ्यांना दिसली. स्कॅन केले तरी ती वीण त्या पट्टीवर राहतेच. आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहताना डावे-उजवे उलटे दिसते, त्यामुळे प्रत्येक चौकट सावकाश रचावी लागते. हे मला दुसऱ्या कॅमेऱ्यावर मिळणार नाही.

अंधारखोली यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो. अडकलेले शटर मीही त्या दिवशी पाच-सहा वेळा दाबले होते, तसे करायला नको होते. आता सफाई झाल्याशिवाय रोल घालणार नाही.

अंधारखोली

हे वाचून बरे वाटले. कारीगराकडे देताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी जुना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आत राहिला असेल, तर आधी काढावा, कारण गळलेला सेल तारा खातो. त्याजागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातल्यास मीटर चुकीचे वाचन देऊ शकते. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल त्याहून जवळचा पडतो. सेल्फ टायमरचा खटका मात्र सफाईनंतरही ओढू नये, कारण तो अर्ध्यात अडकला तर सगळे शटर बंद पडते. वर्षाला दोन-चार रोलांचा आपला आग्रह मला अजूनही मान्य नाही. माझ्या मते अशा कॅमेऱ्याला एक रोल, म्हणजे १२ फोटो, पुरेसे आहेत.